हकीकत उघड्या झाकणाच्या मोहिमेची

श्री सूक्ष्मजीव प्रसन्न.

डोळ्यांस न दिसणारी, परंतु पाण्यात, मातीत, दाराच्या कडीवर आणि हे वाचणाऱ्याच्या बोटांवर अहोरात्र वस्ती करोन राहणारी जी अफाट रयत, तिला प्रथम वंदन. कारण तिची मर्जी ज्यावर खफा झाली त्याचे पोट आजवर ठिकाणावर राहिलेले नाही. उपरांत, विद्यापीठाच्या मागील अंगास, सायकलींच्या कठड्यापलीकडे जी दुमजली पिवळी इमारत, तिच्या वरल्या मजल्यावर सूक्ष्मजीवशास्त्राचे संस्थान नांदते, आणि तेथे जी मोहीम जाहली तिचे वर्तमान लोक नाना प्रकारे सांगतात. कोणी म्हणतात बाईंचे नाक कापले गेले, कोणी म्हणतात बाईंनी मैदान मारले. दोन्ही गोष्टी खऱ्या. सबब मागाहून येणाऱ्या विद्यार्थ्यांनी उगाच फाटे फोडू नयेत म्हणोन जैसे घडले तैसे लिहिले आहे; कोठे तिखटमीठ पडले असल्यास ते चवीपुरतेच.

बाई म्हणजे सकलजंतुकुलशासिनी, परीक्षानळीधुरंधर, प्रथमवर्षभयंकर, राजमान्य प्राध्यापिकाबाई. तरुणपणी एका करड्या गुरुजींच्या पदरी बाटल्या धुण्याची चाकरी धरली, आणि काच धुता धुता काचेत काय वाढते ते न्याहाळू लागल्या, आणि मग पदवी सर केली, मग डॉक्टरकीचा गड घेतला, मग व्याख्यात्याची जागा, मग प्राध्यापकाची, ऐसे एकेक ठाणे काबीज करीत केस पांढरे होईतों तेथेच राज्य केले. शेकडो पोरांस जंतू दाखवले, कैकांस डॉक्टर केले, आणि त्यांपैकी एक तर खुद्द विभागप्रमुखाच्या गादीवर बसला, तरी बाई दिसल्या की अजून त्याचे हात आपोआप खिशाबाहेर येत. बाईंच्या दरबारी सर्वांत मोठा किताब एकच, तो म्हणजे "चालेल". ज्याच्या कामास बाई "चालेल" म्हणत तो आठवडाभर जमिनीवर चालत नसे, आणि "शाबास" हा शब्द बाईंच्या मुखातून निघाल्याचा पुरावा कोणत्याही दप्तरी सापडत नाही.

बाईंच्या मुलखात कायदाही एकच. तो ओट्यावरील भिंतीस रंगाने लिहिलेला होता : झाकण उघडे, तोंड बंद. ऐशियास कारण असे की जंतू वाढवायची प्लेट म्हणजे झाकणाची चपटी पारदर्शक डबी, तीत खळीसारखा थिजलेला थर, जंतूंस तेच शेत आणि तेच ताट. आणि माणूस बोलला की तोंडातून बारीक तुषार उडतात, आणि प्रत्येक तुषारावर बसोन परकी फौज त्या शेतात उतरते. हा कायदा मोडणाऱ्यास बाई तत्क्षणी ओट्यावरून उठवीत. संस्थानात वाऱ्याच्या झोताचे नवे कपाट आले होते, ज्यात हात घालून काम केल्यास असल्या स्वाऱ्यांस आळा बसतो. परंतु बाईंचा भरवसा उघड्या ओट्यावर आणि बर्नरच्या निळ्या ज्योतीवर, सबब ते कपाट छत्र्या ठेवण्याकडे तैनात जाहले.

आता मोहिमेचे मूळ. बाईंच्या निवृत्तीस थोडका अवकाश उरला असता त्यांच्या पदरी एकच शागीर्द राहिली, ती अखेरची. पोरगी हुशार, हात स्थिर, परंतु बोलणे इतके कमी की हजेरीसही नुसती मान हलवी, यास्तव लोकांनी तिला अबोली म्हणावयास लागावे हे ओघानेच आले. तिजकडे काम सोपवले ते असे की जखमांत ठाण मांडून बसणारा आणि दवाखान्यातील औषधांस भीक न घालणारा जो एक बदमाश जंतू, ज्यास या बखरीत गनीम म्हणावे, त्याला मारील ऐसा कोणी बहादूर जंतू मातीतून धुंडून काढावा. रीत अशी की प्लेटभर गनिमाची दाट पेरणी करावी आणि मध्ये मातीतील जंतूचा एक ठिपका ठेवावा. ठिपक्याभोवती गनीम मरून स्वच्छ वलय पडले तर बहादूर गवसला. अबोलीने बागेतील, ओढ्याकाठची, कुंडीतली, सायकलींच्या चाकांची, ऐशी दिसेल ती माती आणोन ठिपके ठेवले, आणि दिवसांमागून दिवस गेले, आणि गनीम जागचा हलला नाही.

मग बाईंस वाटले की पोरीचा हात कोठेतरी चुकत असेल, म्हणोन एके दिवशी त्या स्वतः तिच्या शेजारी खुर्ची ओढोन बसल्या, आणि जंतू उचलावयाची तार कशी धरावी, ज्योतीत कशी तापवावी, झाकण कितपत उचलावे, हे सर्व प्रात्यक्षिकासह शिकविले. दुसऱ्या सकाळी अबोलीने प्लेट उजेडाकडे धरली तों ठिपक्याच्या किंचित बाजूस स्वच्छ, गोल, चकचकीत वलय! तिने ती प्लेट बाईंपुढे धरली. बाईंनी चष्मा लावून पाहिले, काढून पाहिले, आणि "चालेल" म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने पुन्हा "चालेल" म्हणाल्या. ऐसा दुहेरी मान त्या संस्थानात कोणास मिळाला नव्हता.

त्यावरी बाईंनी त्या प्लेटीची मिरवणूक काढली. प्रथम प्रमुखांच्या दालनात, मग ग्रंथालयात, मग कँटीनमध्ये चहाच्या वाफांतून प्लेट हातोहात फिरली, आणि जो तो झाकण उचलून "वा" म्हणाला, आणि त्या सर्वांच्या "वा" मधून प्लेटीवर हिरवी बुरशी चढली आणि वलय गडप जाहले. बाईंस त्याची फिकीर नव्हती. ठिपक्याचे मूळ बियाणे कुपीत शाबूत होते. परंतु अबोलीने तेच बियाणे घेऊन, एकटीने बसोन, पुन्हा ठिपके ठेवले तों वलय नाही. पुन्हा ठेवले, नाही. जणू बहादूर एकदा दर्शन देऊन वनवासास गेला.

हे वर्तमान संशोधनाचे विषय मंजूर करणाऱ्या समितीच्या कानी गेले, आणि प्रमुखांनी, हात खिशाबाहेर ठेवोनच, फर्मान काढले की, पुढील बैठकीत मागू तेव्हा वलय हजर करावे; न केल्यास हा विषय बरखास्त समजावा आणि कन्येने नवा विषय घेऊन आरंभापासून लागावे. फर्मानात लिहिले नव्हते ते सर्वांस ठाऊक होते. अबोलीची शिष्यवृत्ती याच विषयापुरती होती; विषय गेला की ती जाणार, आणि ती गेली की पोरगी गाठोडे बांधून घरी जाणार. आणि बाईंच्या अखेरच्या शागिर्दाच्या नावापुढे डॉक्टरकी कधीच लागणार नाही.

तेव्हा बाई इरेला पेटल्या आणि खासा स्वारी ओट्यावर दाखल जाहली. बर्नर पेटला, बाह्या वर गेल्या, आणि बाईंनी शेजारी बसोन, एकेक हालचाल समजावीत, अबोलीकडून प्लेटींची रांग करविली. दुसऱ्या दिवशी वलय आले. परंतु आले ते कोऱ्या प्लेटीत, म्हणजे जीत मातीतला जंतू ठेवलाच नव्हता, नुसता गनीम पेरला होता. ज्या रानात शिकारी सोडलाच नाही तेथे वाघ मरून पडावा, तैसे जाहले. याचा अर्थ दरबारातील प्रत्येकास उमगला, की हे मातीतले काही नव्हे, कोठून तरी परकी घुसखोरी आहे, आणि जो ओटा मुलखात सर्वांत पाक म्हणोन गाजत होता, तोच भ्रष्ट जाहला.

यावरी बाईंनी नाकेबंदीचा हुकूम दिला. खिडक्यांच्या फटींस चिकटपट्टी मारली, पंखा कैद केला, ओटा स्पिरिटने इतका पुसला की येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी. वाफेच्या मोठ्या कुकराचे अंमलदार मामा, जे प्लेटींचा खुराक शिजवून निर्जंतुक करीत, त्यांस पाचारण करोन जाब विचारला. मामा दुखावले.

"बाई, माझ्या कुकरातून जिवंत काही बाहेर आलेलं नाही. मागे एकदा पेनचं टोपण पडलं होतं, त्याचासुद्धा गोळा झाला."

मामांस निर्दोष सोडले. मग संशय फिरत फिरत जो उरला त्याच्यावर येऊन थांबला. बाईंनी अबोलीच्या बाह्या तपासल्या, केसांस जाळी घालावयास लावली, आणि तरीही त्यांच्या देखरेखीखालच्या प्लेटींत वलये येतच राहिली, तेव्हा संतापाच्या भरात म्हणाल्या, "तुझा हात स्वच्छ नाही."

या विद्येत याहून मोठी शिवी नाही. अबोलीने ऐकले, बेसिनपाशी गेली आणि धुतलेले हात पुन्हा धुवू लागली. बाईंनी तिला पाठमोरी पाहिले, परंतु शब्द मागे घ्यावयाची सवय जिभेस नव्हती.

अबोली बोलत नसे, परंतु पाहत असे. तिने मनाशी मसलत केली आणि सकाळी बाई यावयाच्या आत एक रांग करावी, बाई आल्यावर शेजारी बसवून दुसरी करावी, ऐसा क्रम धरिला. मग एके दुपारी दोन्ही रांगांच्या चळती घेऊन ती बाईंच्या खोलीत गेली आणि टेबलावर मांडल्या.

"बाई, या तुम्ही नसतानाच्या. या तुम्ही असतानाच्या."

एका चळतीत वलय नावास नव्हते. दुसरीत चांदण्यांसारखी वलयेच वलये.

"मग?"

"बाई, तुम्ही बोलता."

"मी? झाकण उघडं असताना? वेड लागलंय का तुला? तो नियमच माझा आहे."

"काल तासभर बोलत होतात."

"ते बोलणं नव्हतं," बाई म्हणाल्या. "मी शिकवत होते."

येथे बखरकारास थांबून सांगणे भाग आहे की बाई हे कावेबाजपणे म्हणाल्या नाहीत. सारा जन्म त्यांनी या दोहोंत भिंत घालून काढला होता. बोलणे ते पोरांचे, सिनेमाचे, भाजीच्या भावाचे. आणि शिकवणे ते बोलणे नव्हेच, ते काम. म्हणोन कायदा भिंतीवर लिहिणाऱ्या हाताने स्वतःस त्यातून वगळले आणि वगळल्याचे ध्यानीही आले नाही. अबोली मग उभ्या उमेदवारीतले सर्वांत धीट वाक्य बोलली.

"जंतूंना तो फरक कळत नाही, बाई."

बाईंनी तिला जावयास सांगितले. आवाज चढला नव्हता, म्हणोन ते अधिकच भयंकर वाटले.

घरी बाईंचे यजमान कढईशी झुंजत होते. बँकेतून निवृत्त झाल्यापासून स्वयंपाकघराचा कारभार त्यांजकडे होता. बाईंनी पर्सही खाली न ठेवता कढईचे झाकण उचलले, आणि आच किती असावी, पाणी केव्हा घालावे, वाफ का कोंडावी, हे सांगू लागल्या, आणि सांगतच राहिल्या, आणि भाजीची वाफ उडून जाऊ लागली.

"झाकण ठेव आधी," यजमान म्हणाले. "मग शिकव."

बाईंनी झाकण ठेवले, आणि स्टुलावर बसल्या.

"मी फार बोलते का हो?"

यजमान संसारात मुरलेले गृहस्थ. त्यांनी पळीही खाली ठेवली नाही. "छे. बोलत कुठे असतेस? शिकवतेस."

यावर बाई हसल्या, आणि हसता हसता त्यांचा चेहरा उतरला, कारण बेसिनपाशी पाठमोरी उभी पोरगी त्यांस आठवली. वलयाचे काय व्हायचे ते होवो, परंतु ज्या हातास आपण अस्वच्छ म्हटले तोच हात स्वच्छ होता, आणि घाण उडत होती ती आपल्या मुखातून, या विचाराने बाईंस त्या रात्री जेवण गेले नाही.

उजाडताच बाईंचा हुकूम सुटला की, आज उघड्या मैदानात कसोटी व्हावी, प्रमुखांनी पंच म्हणोन जातीने हजर राहावे, आणि ओट्यावरील हुकमत अबोलीची असावी. आम्ही तिच्या आज्ञेत वागू. हे ऐकोन मामांनी कुकराची शिटीसुद्धा बेताने वाजविली.

रचना ऐशी केली की सर्व प्लेटींत नुसता गनीम पेरावा. अर्ध्या प्लेटी बाईंपुढे त्या गप्प असता उघडाव्या, अर्ध्या त्या बोलत असता. आणि मग प्रमुखांनी त्या एकांती नेऊन, खुणा घालून, पत्त्यांसारख्या पिसाव्या, आणि कोणती कोणती हे चिठ्ठीवर लिहून आपल्या खिशात ठेवावे.

"आता गप्प, बाई," अबोली म्हणाली.

ते मौन म्हणजे बाईंच्या कारकिर्दीतील सर्वांत बिकट घाट. प्रमुख प्लेट उचलत होते ती झाकणाच्या आत अंगठा घालून, जे प्रथम वर्षास शिकविले जाते की करू नये, आणि बाईंस ते दिसले, आणि त्यांच्या गळ्यात शब्द आले, आणि त्यांनी ते गिळले, आणि पुन्हा आले, आणि कपाळावर घाम फुटला, परंतु ओठ फुटले नाहीत. अबोलीने हलकेच प्रमुखांचा अंगठा बाहेर काढला, ती प्लेट बाद केली आणि नवी घेतली. बाईंनी डोळे मिटोन तिला मनोमन मुजरा केला.

"आता बोला."

आणि नवल ऐसे, की जन्मभर जिचे तोंड मिटले नाही तिला शब्द सुचेना. सर्व प्लेटी आ वासून पुढ्यात बसलेल्या.

"काय बोलू?"

"काहीही. शिकवा ना."

मग बाईंनी सुरुवात केली की, तार पेन्सिलीसारखी धरावी, तापून लाल झाली की थोडी निवू द्यावी, घाई करू नये. तार संपली, ज्योत संपली, झाकणाचा कोन संपला, आणि प्लेटी अजून उघड्या होत्या, तेव्हा बाई प्लेटींकडेच पाहत बोलू लागल्या.

"ही मुलगी आहे ना, हिचा हात माझ्यापेक्षा स्वच्छ आहे. मी हिला भलतंच बोलले. माझं चुकलं. इतक्या वर्षांत या ओट्यावर एवढं नेटकं काम कुणी केलेलं नाही. सांगितलं की पोरं सैल पडतात, असं वाटायचं मला. आमचे गुरुजीसुद्धा सांगायचे नाहीत. आणि तेव्हा इतकं वाईट वाटायचं, की मी बाटल्या धुता धुता रडायचे. आणि मग मीही तेच केलं, बघा. सगळ्यांच्या बाबतीत."

प्रमुखांस एकाएकी खोकला आला, तो त्यांनी शिस्तीत तोंड फिरवून काढला, आणि बराच वेळ तसेच फिरलेले राहिले. अबोलीने प्लेटी ठरल्यापेक्षा थोड्या अधिक वेळ उघड्या ठेविल्या. हा प्रमाद बखरकार नोंदवितो आणि माफ करितो.

दुसऱ्या सकाळी उबवणीच्या पेटीतून प्लेटी निघाल्या तेव्हा ओट्याभोवती संस्थान लोटले होते. अबोलीने एकेक उजेडाकडे धरली आणि वेगळ्या केल्या. वलयाच्या इकडे, बिनवलयाच्या तिकडे. मग प्रमुखांनी खिशातली चिठ्ठी काढोन ताडून पाहिले. बोलतानाच्या सर्व प्लेटींत वलय, गप्प असतानाच्या एकीतही नाही. बहादूर मातीतला नव्हताच. तो बाईंच्या मुखात तळ देऊन होता, कोणास ठाऊक कधीपासून, आणि बाई शिकवू लागल्या की तुषारावर स्वार होऊन गनिमावर चालून जाई. अबोलीने वलयामधला तो दवासारखा बारीक ठिपका तारेने उचलला, निराळा वाढविला, आणि मग समितीपुढे मागितले तेव्हा, मागितले तितक्या वेळा, वलय हजर केले.

समितीने फर्मान फिरविले की, विषय कायम, शिष्यवृत्ती कायम, कन्येने पुढे चालावे; आणि नमुना कोठून मिळाला या जागी मातीचे नाव खोडून "मार्गदर्शकांचे तोंड" ऐसे लिहावे. प्रमुखांनी त्यावर सही केली ती, पाहणारे सांगतात, जरा अधिकच उत्साहाने. कँटीनमध्ये वदंता उठली की बाईंच्या तोंडापुढे जंतूसुद्धा टिकत नाही, हे आम्हांस पूर्वीच ठाऊक होते. बाईंनी ते ऐकले आणि चहा दुसऱ्यांदा मागविला.

भिंतीवरील कायद्याखाली नव्या रंगाने एक शब्द आला : शिकवतानासुद्धा. तो बाईंच्याच हातचा. छत्र्या दारामागे गेल्या आणि वाऱ्याचे कपाट पुसून चालू केले. परंतु त्याआधी एकवार बाई जुन्या ओट्यावर, जुन्या ज्योतीपाशी बसल्या आणि आरंभापासून अखेरपर्यंत एक अक्षर न बोलता एक प्लेट केली. अबोली शेजारी बसोन पाहत होती. दुसऱ्या सकाळी बाई दाराशी उभ्या राहिल्या, आत येईनात, निकालाच्या दिवशी पोरे उभी राहतात तैशा. अबोलीने प्लेट उजेडाकडे धरली, उलटी केली, पुन्हा धरली. गनीम सलग पसरलेला, मध्ये एक टिंबसुद्धा परके नाही.

"चालेल," अबोली म्हणाली.

येणेप्रमाणे गनिमास वेसण पडली, अबोलीचा विषय राखला गेला, आणि उघड्या झाकणाची मोहीम फत्ते जाहली. सदरहू किताब बाईंस हयातीत प्रथमच मिळाला. तो घेऊन त्या दिवसभर जमिनीवर चालल्या नाहीत, ऐसे मामा शपथेवर सांगतात. हकीकत पुरी, झाकण लावले असे.